राणीछाप रुपया विकत घेण्याआधी: नव्या नाणेसंग्राहकासाठी भाव आणि अवस्थेची ओळख

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीचे पाच रुपये असायचे. तीन राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेले, आणि दोन राजाछाप, म्हणजे ब्रिटिश राजाचा चेहरा असलेले. दर दिवाळीला आजी ते चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायची, मग रांगोळीच्या चिमटीनं घासायची आणि हळदकुंकू लावून पूजेत मांडायची. मी बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर ते घासायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते फार मन लावून केलं. पुढे पंचविशीत नाण्यांचं वेड लागलं, तेव्हा तेच पाच रुपये रुमालात बांधून मी एका जाणत्या विक्रेत्याकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं, एकेक नाणं दिव्याखाली फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "सालं चांगली आहेत. पण घासलीत. मोडीच्या भावाला जातील."

ते रुपये आजही घरी आहेत आणि पूजेतच आहेत, ती त्यांची योग्य जागा. पण नाण्याच्या बाजारात वयाला फारसा भाव नसतो, अवस्थेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. नव्यानं संग्रह सुरू करणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगतो, आणि मग पुढच्या पायऱ्या.

पहिली पायरी: एकच विषय धरा

भारतीय नाणी म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांचा पसारा आहे. चिन्हं ठोकून उमटवलेल्या आहत नाण्यांपासून सातवाहन, मुघल, मराठे, संस्थानं, कंपनी सरकार, ब्रिटिश राजवट, मग प्रजासत्ताक. नवखा माणूस प्रदर्शनात जातो आणि प्रत्येक टेबलावरून एकेक नाणं उचलतो. वर्षभरानं डबा भरतो, पण एकाही प्रकारातली पारख त्याच्याकडे नसते.

सुरुवातीला एक छोटा विषय घ्या. माझा सल्ला विचाराल तर १८३५ ते १९४७ मधला रुपया. १८३५ च्या कायद्यानं कंपनीच्या सगळ्या मुलखात एकसारखा रुपया आला: १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजन आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हे माप शंभर वर्षं टिकलं. त्यामुळे वजन, व्यास, धातू या तिन्ही गोष्टी ठरलेल्या आहेत, यंत्रावर पाडलेली नाणी आहेत आणि बाजारात ती इतकी मिळतात की शंभर नाणी हाताळून डोळा तयार करता येतो. चौथ्या विल्यमचा १८३५ चा रुपया, व्हिक्टोरियाचा १८४० चा बिनमुकुटाचा, १८६२ पासूनचा मुकुटधारी, १८७७ पासूनचा 'एम्प्रेस' लिहिलेला, मग सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज. एवढ्या मोजक्या प्रकारांत बाजाराचे बहुतेक सगळे नियम शिकून होतात.

यातला एक बारकावा लगेच लक्षात ठेवा. १८४० आणि १८६२ ही दोन सालं नाण्यांवर वर्षानुवर्षं तशीच गोठलेली राहिली. १८६२ लिहिलेला रुपया प्रत्यक्षात १८७४ पर्यंत पाडला जात होता. मुंबईच्या टांकसाळीनं मागच्या बाजूला बारीक टिंबं देऊन खरं वर्ष सुचवलं. म्हणून '१८६२ चा रुपया' असं कुणी म्हणालं की त्याचा भाव सांगता येत नाही. कोणत्या ठशाचा, किती टिंबांचा, हे पाहावं लागतं.

दुसरी पायरी: मोडीचा भाव तोंडपाठ हवा

चांदीच्या कुठल्याही नाण्याला एक तळ असतो, त्यातल्या धातूची किंमत. तो तळ काढता आल्याशिवाय एकही नाणं विकत घेऊ नका.

हिशोब सोपा आहे. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. चांदी १०० रुपये ग्रॅम असेल तर तळ १,०६९ रुपये. दीडशे असेल तर १,६०० च्या थोडा वर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच राहिलं, चांदी मात्र ५.८३ ग्रॅम उरली. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, मागे वाघ असलेला. तो चांदीचा म्हणून कुणी देत असेल तर तिथून उठून या.

आता हा तळ भावावर कसा परिणाम करतो ते पाहा. चांदी झपाट्यानं चढते तेव्हा साधे, झिजलेले रुपये तिच्याबरोबर वर जातात, कारण त्यांची जवळपास सगळी किंमत धातूचीच असते. खूप चांगल्या अवस्थेतलं दुर्मीळ नाणं मात्र तितक्या तत्परतेनं हलत नाही. त्याचा भाव संग्राहकांच्या मागणीवर चालतो. चांदी उतरली की पहिला गट खाली येतो, दुसरा बहुधा जागेवर राहतो. म्हणजे 'जुन्या रुपयाचे भाव वाढले' असं कानावर आलं की आधी विचारा, रुपयाचा वाढला की चांदीचा? गेल्या काही वर्षांत लोकांनी ज्याला नाण्यांची तेजी म्हटलं, त्यातला मोठा भाग चांदीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांदी महाग झाल्याचा आणखी एक परिणाम होतो आणि तो मला फार लागतो. साधे रुपये सराफाच्या मुशीत जातात. आजची सामान्य नाणी उद्या कमी उरतात. पण नेमकी किती वितळली हे कुणी मोजत नसल्यामुळे 'आता हे दुर्मीळ होणार' या भरवशावर साठा करून ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: झीज वाचायला शिका

इथे घाई करू नका. सगळ्या पायऱ्यांत सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या.

अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० अशी गुणपद्धत मांडली. आज जगभर तीच चालते. ६० आणि त्याच्या वरचं नाणं म्हणजे चलनात न फिरलेलं, कोरं. आपल्या बाजारात आकड्यांपेक्षा अक्षरं जास्त ऐकू येतात: युएनसी म्हणजे कोरं, एक्सएफ म्हणजे अगदी हलकी झीज, व्हीएफ म्हणजे मध्यम, एफ म्हणजे बरीच झीज पण सगळं वाचता येतं. विक्रेते त्यात अधिक-उणे लावतात. माझा अनुभव असा की टेबलावर सांगितलेली श्रेणी एक पायरी खाली धरून चालावं. त्यात विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. आपल्या नाण्याकडे प्रेमानं पाहायची सवय प्रत्येकाला असते.

झीज नेहमी उंच भागांवर आधी दिसते. मुकुटधारी राणीछापात कानाभोवतीचे केस, गाल आणि अंगावरच्या वस्त्राची नक्षी पाहा. नक्षीच्या रेषा एकमेकींत मिसळल्या असतील तर नाणं बरंच फिरलेलं आहे. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाचा कान, मुकुटातली रत्नं आणि झग्यावरचा बारका हत्ती पाहा. हत्तीची सोंड आणि पाय वेगवेगळे दिसले तर अवस्था चांगली.

हत्तीचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९११ च्या रुपयावर हा हत्ती इतका आखूड कोरला गेला की लोकांना तो डुकरासारखा वाटला. त्यावरून नाराजी पसरली आणि नाणं मागे घेण्यात आलं. १९१२ पासून हत्ती सुधारून आला. गोष्ट सुरस असल्यामुळे १९११ चा रुपया सगळ्यांना हवा असतो आणि म्हणून त्याला नेहमीच्या सालांपेक्षा जास्त भाव आहे. पण तो सापडतच नाही असं नाही. प्रत्येक मोठ्या प्रदर्शनात एखादा तरी दिसतो. गोष्टीपोटी किती जास्त द्यायचे, हे तुमचं तुम्ही ठरवा.

झीज आणि कमजोर ठसा यांत गल्लत होऊ देऊ नका. यंत्राचा दाब कमी पडला तर कोऱ्या नाण्यातही मधला भाग अस्पष्ट राहतो. फरक कळतो तो पृष्ठभागावरून. कोऱ्या नाण्याला दिव्याखाली तिरकं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. झिजलेल्या नाण्यात तो पट्टा तुटतो. हे वाचून कळणार नाही. बँकेतून आजचं नवंकोरं नाणं आणा, शेजारी वर्षभर खिशात फिरलेलं ठेवा, आणि एका दिव्याखाली आळीपाळीनं फिरवत बसा. दोन संध्याकाळी दिल्यात तर डोळ्याला फरक कळू लागतो.

चौथी पायरी: चकचकीत नाण्यापासून सावध

आपल्याकडे चांदी चमकली पाहिजे हा संस्कार आहे. भांडी, समया, पैंजण आपण लखलखीत ठेवतो. नाण्याच्या बाजारात नेमकी उलटी आवड आहे, आणि ती हळूहळू पक्की होत गेली आहे. जुने संग्राहक सांगतात की पूर्वी घासलेलं पांढरंशुभ्र नाणंही सहज खपायचं. आता जाणकार गिऱ्हाईक नैसर्गिक रंग मागतं: करडा, तपकिरी छटेचा, कधी कडेला निळसर-सोनेरी झाक असलेला.

यामागचं कारण समजून घ्या. टांकसाळीत ठसा बसताना धातू दाबाखाली वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. त्या फिरत्या प्रकाशपट्ट्याचं मूळ या रेषांत आहे. चिंच, लिंबू, राख, दात घासायची पावडर, काहीही लावून घासलं की त्या रेषा जातात आणि जागी केसांसारखे बारीक ओरखडे येतात. हे पुन्हा कधीच भरून निघत नाही. चांदीवरचा काळेपणा नंतर परत येतो, पण त्याच्या खाली ओरखडे तसेच दिसत राहतात. घासलेलं नाणं ओळखायचं असेल तर अक्षरांच्या खाचांकडे पाहा. मैदान, म्हणजे नाण्यावरची मोकळी सपाट जागा, पांढरं आणि अक्षरांच्या कडेला मळाची काळी रेघ, अशी जोडी दिसली की समजावं.

दुसरा आपल्याकडचा खास दोष म्हणजे कडी. दागिन्यात ओवण्यासाठी सोनार नाण्याच्या कडेला कडी डाखवायचे. पुढे ती काढून जागा कानसीनं साफ केलेली असते. म्हणून नाणं विकत घेताना त्याची कड पूर्ण एक फेरी फिरवून पाहाच, कडीची खूण बहुतेकदा घड्याळातल्या बाराच्या जागी, राजाच्या डोक्याच्या वर सापडते. दातेरी कडेत एखादा सपाट तुकडा दिसला तर ती त्याचीच खूण.

बाहेरच्या श्रेणी देणाऱ्या कंपन्या, पीसीजीएस आणि एनजीसी, अशा नाण्यांना अंकच देत नाहीत. फक्त झिजेचा अंदाज लिहून 'घासलेलं' किंवा 'दुरुस्त केलेलं' असा शेरा मारतात. या दोन्ही अमेरिकन कंपन्या ऐंशीच्या दशकात सुरू झाल्या, आणि प्लॅस्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, नाणं देण्याची त्यांची पद्धत आपल्या लिलावांतही रुळली आहे. स्लॅबमुळे एक गोष्ट झाली: एकाच सालच्या ६२ आणि ६५ गुणांच्या नाण्यांत जो फरक साध्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो, तो किमतीत मोठा झाला. वरच्या गुणांची नाणी मोजकी असतात आणि त्यांच्यामागे धावणारे श्रीमंत संग्राहक जगभर असतात. नवख्यानं त्या शर्यतीत उतरू नये. नैसर्गिक रंगाचं, न घासलेलं एक्सएफ नाणं हा सुरुवातीचा उत्तम दर्जा. त्यात सगळे तपशील दिसतात, किंमत आवाक्यात राहते आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळतं.

पाचवी पायरी: दुर्मीळ साल आणि सामान्य साल यांचे नियम वेगळे

१९१८-१९१९ चे राजाछाप रुपये घरोघरी का सापडतात? पहिल्या महायुद्धात भारतात चांदीच्या रुपयांची एवढी मागणी झाली की टांकसाळीला चांदी पुरेना. १९१८ मध्ये अमेरिकेनं खास कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटिश सरकारला भारतासाठी विकली. तिचे रुपये पडले. अशा सालाचं झिजलेलं नाणं कायम मोडीच्या भावाच्या आसपास राहणार. त्याला भाव येतो तो फक्त अस्सल कोऱ्या अवस्थेत.

आता १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया घ्या. जुन्या, ९१.७ टक्के चांदीचा हा शेवटचा, आणि चलनात फारच थोडा आला. तो झिजलेला असला तरी त्याला गिऱ्हाईक आहे, कारण कोरा मिळेपर्यंत थांबायला कुणाकडे वेळ नाही. आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त बनवलाही जातो. १९३८ च्या नाण्यातला ८ कोरून ९ करतात, किंवा पूर्ण नाणंच नव्यानं पाडतात. ओळखीच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय किंवा प्रमाणित स्लॅबमध्ये असल्याशिवाय १९३९ चा रुपया घेऊ नका. पहिल्या पाच वर्षांत तर नकोच.

सहावी पायरी: हातछाप नाण्यांकडे वेगळ्या नजरेनं

मराठी संग्राहकाचं मन शेवटी शिवराईकडे वळतं, ते स्वाभाविक आहे. माझंही वळलं. पण राणीछापाचे नियम इथे लावलेत तर फसाल.

शिवराई हे तांब्याचं नाणं, एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही परंपरा सुरू झाली आणि पेशवाई संपल्यानंतरही शिवराई बाजारहाटात फिरत राहिली. महत्त्वाची गोष्ट अशी की आज विकायला येणाऱ्या बहुसंख्य शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नाहीत. त्या पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ठिकठिकाणी पडलेल्या आहेत. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई पेशवाईतली. विक्रेता 'महाराजांच्या काळातली' म्हणून जास्त पैसे मागत असेल तर अक्षरांचं वळण, शब्दांचं लेखन, बिंदूंची किनार, वजन हे सगळं तुलना करून पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. ती तुलना शिकायला वर्षं लागतात आणि मला स्वतःला ती अजून पुरती साधलेली नाही. सोन्याचा होन तर इतका दुर्मीळ आहे की तो तुम्हाला प्रदर्शनातल्या टेबलावर कुणी सहज देऊ केला, तर तो खोटाच समजा.

या नाण्यांत ठसा तबकडीपेक्षा मोठा असायचा, तबकडी वेडीवाकडी असायची, घाव हातानं घातलेला. त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. इथे दर्जा म्हणजे काय दिसतं ते: 'शिव' पूर्ण आला आहे का, ठसा मधोमध आहे का, किनारीचे बिंदू किती दिसतात. थोडी झीज चालते. तुटका मजकूर मात्र किंमत खाली आणतो. पेशव्यांच्या रुपयांतही तेच. ते मुघल बादशहाच्या नावानं फारसीत पाडलेले आहेत, आणि नाणं मराठ्यांचं आहे हे कळतं ते खुणेवरून आणि टांकसाळीच्या नावावरून. पुण्याच्या रुपयावरचा अंकुश म्हणून अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा म्हणून चांदोरी. अंकुश अर्धा कापला गेलेला अंकुशी रुपया आणि पूर्ण अंकुशाचा, यांच्या किमतीत फरक असणारच. या रुपयांवर सराफांनी चांदी तपासताना मारलेले बारके टोचे असतात. काही संग्राहक ते दोष मानतात. मला ते आवडतात. नाणं हातोहात फिरल्याची ती साक्ष आहे, आणि अशी नाणी थोडी स्वस्तही मिळतात.

तांब्याच्या बाबतीत हिरवा रंग दोन प्रकारचा असतो. घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा चॉकलेटी थर चांगला, तो नाण्याचं रक्षण करतो. पण फिकट हिरवी भुकटी बोटाला लागत असेल तर तो रोग आहे, धातू आतून खातो आणि डब्यातल्या इतर तांब्याच्या नाण्यांनाही धोका. असं नाणं घेऊ नका.

सातवी पायरी: मागितलेला भाव आणि झालेला भाव

इंटरनेटवर कुणी कितीही किंमत लिहू शकतं. प्रत्यक्षात विक्री किती रुपयांना झाली, तेवढाच आकडा धरा. मोठी लिलावगृहं आपले निकाल संकेतस्थळावर ठेवतात. एक वही घाला. तुमच्या विषयातल्या वीसेक नाण्यांची यादी करा आणि प्रत्येक लिलावानंतर तारीख, अवस्था, बोलीची अंतिम किंमत आणि त्या दिवशीचा चांदीचा भाव लिहा. बोलीच्या किमतीवर लिलावगृहाचं कमिशन आणि कर चढतो, तोही मिळवा. एखादाच निकाल पाहून मत बनवू नका. दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की बोली भलतीकडे जाते आणि पुढच्या वेळी तेच नाणं बरंच खाली सुटतं.

वही सहा महिने झाली की काही गोष्टी आपोआप दिसू लागतात. एखाद्या प्रकाराचा साठा कुठून तरी बाहेर आला की त्याचा भाव पडतो आणि वर्ष-दोन वर्षं दबलेला राहतो. एखाद्या ऐतिहासिक विषयावर लोकांचं लक्ष गेलं की त्या काळातली साधी नाणीही चढतात, उत्साह ओसरला की साधी परत खाली येतात, चांगली टिकतात. टांकसाळीनं काढलेल्या स्मारक नाण्यांच्या संचांना सुरुवातीला गर्दीमुळे जास्त मागितलं जातं. अशा वेळी मी वर्षभर थांबतो, आणि बहुतेक वेळा थांबल्याचा फायदा होतो.

आठवी पायरी: खोट्याची पारख आणि फसवणूक

ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा आणि दहापट भिंग, एवढं साहित्य पुरतं. वजन आधी. मग पाण्याची परीक्षा: काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्यानं बांधून बुडालेलं पण तळाला न टेकलेलं असं धरा. ११.६६ ग्रॅमचा अस्सल जुना रुपया असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. तांबे-निकेलचा असेल तर १.३ च्या जवळ. १९४० नंतरचा निम्म्या चांदीचा साधारण १.२२. पुसून काढताना घासू नका, मऊ कापडावर टिपा. ही परीक्षा धातू सांगते, साल खोडलेलं आहे का ते सांगत नाही. त्यासाठी भिंग. आणि ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि कडेला जोडाची रेघ असते, तीही भिंगाखालीच दिसते.

राम दरबार किंवा हनुमान असलेली, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १६१६, १७१७, १८१८ अशी सालं घातलेली नाणी गावोगाव 'चमत्कारी' म्हणून लाखांत विकतात. कंपनीनं अशी नाणी कधीच काढली नाहीत. ती देवस्थानांबाहेर विकल्या जाणाऱ्या टोकनांची जात आहे.

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, कमळाचे पितळी वीस पैसे, १९८५ चा 'एच' अक्षराचा रुपया, भोकाचा पैसा: यांचे लाखो मिळतील असं सांगणारे व्हिडिओ रोज निघतात. ही सगळी नाणी भरपूर पडलेली आहेत. व्हिडिओच्या शेवटी नोंदणीचे किंवा कराचे पैसे भरायला सांगतात, तिथे फसवणूक होते. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क मागत नाही. आधी पैसे मागणारा माणूस गिऱ्हाईक नसतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा. या जाळ्यात जास्त तेच अडकतात.

कायद्याच्या दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांना आजीचे राणीछाप रुपये आठवण म्हणून देण्याची इच्छा होते. ते इथेच ठेवा. आणि शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली तर १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 'शेतात सापडलं' असं सांगून कुणी विकत असेल तर ते घेऊच नका.

नववी पायरी: पाहा, जपा, आणि विकायची वेळ आली तर

पाहण्यासाठी मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून काम करते आहे. तिथे एक दिवस घालवलात तर वर्षभराच्या चुका वाचतील. खरेदीआधी पाहण्यावर खर्च करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

नाणं नेहमी कडेनं धरा, मऊ कापड अंथरून त्यावर. मऊ पीव्हीसीच्या खिशांचे स्वस्त अल्बम टाळा, त्यातून काही वर्षांत हिरवट चिकट थर नाण्यावर येतो. कागदी चौकटीचे पारदर्शक होल्डर किंवा कडक प्लॅस्टिकच्या गोल डब्या घ्या. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्याआधी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि गणपतीच्या सुमारास बदला. लाकडी कपाटात, विशेषतः नव्या पॉलिशच्या, नाणी ठेवू नका.

होल्डरवर पेन्सिलीनं लिहा: कुठून घेतलं, कधी, किती रुपयांना. पावती वेगळ्या पाकिटात. माझ्या ओळखीत एका घरी संग्राहक गेल्यावर सगळा डबा किलोनं सराफाकडे गेला, कारण कुठल्या नाण्याचं काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यात १८३५ चे उत्तम रुपये होते. मी ते हातात घेऊन पाहिले होते.

वारशानं आलेली नाणी विकायची असतील तर धुवू नका, पुसूही नका, हळदकुंकवासकट राहू द्या. आधी सालं आणि टांकसाळीच्या खुणा लिहून यादी करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दोन वेगळ्या विक्रेत्यांना आणि एका लिलावगृहाला दाखवा. मोडीचा भाव तुम्हाला आता काढता येतो. त्या आकड्याच्या खाली कुणी बोललं तर नाणी उचलून घरी या.